उजेड रंगवायचा कसा? चार सेंटिमीटरच्या सैनिकाकडून एक धडा



रंगांच्या दुकानात लाल मिळतो, निळा मिळतो, सोनेरी-चंदेरीसुद्धा मिळतो. पण उजेड नावाचा रंग कुठल्याच डबीत मिळत नाही. मग अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकाच्या हातातली बंदूक पेटल्यासारखी दिसावी, तिचा निळा उजेड त्याच्या छातीवर आणि हनुवटीखाली पडलेला दिसावा, असं वाटत असेल तर आधी कुठली डबी उघडायची? उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं : काळ्याची. असं का, आणि काळ्यानंतर काय, ते या लेखात क्रमाने पाहू. यात लागणारं सगळं फिजिक्स आपण बारावीत आणि फर्स्ट इयरला शिकलेलो आहोत. फक्त ते पेपरात लिहून तिथेच सोडून आलेलो आहोत.

हे सैनिक कोण?

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे. या कंपनीचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ १९८७ साली आला. नावातला आकडा काळाचा आहे, म्हणजे आजपासून साधारण अडतीस हजार वर्षांनंतरचं विश्व. बुद्धिबळासारख्या चौकटी नसतात. मोजपट्टीने इंच मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा.

या सैनिकांना मिनिएचर म्हणतात. गंमत अशी की ती रंगवलेली मिळत नाहीत. राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग येतात. कापा, घासा, चिकटवा, रंगवा, सगळं आपणच. त्यामुळे खेळतात कमी आणि रंगवतात जास्त, अशी मंडळी जगभर आहेत. कंपनीची 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धासुद्धा १९८७ पासूनचीच. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना ज्यांनी कधी एखाद्या मावळ्याची पगडी पुन्हा नीट रंगवली असेल, त्यांना ही ओढ समजावून सांगायला नको.

आपण उदाहरणासाठी 'हेलब्लास्टर' नावाचा सैनिक घेऊ. हा २०१७ साली आलेला स्पेस मरीन. उंची चार सेंटिमीटरच्या आसपास, पायाखाली ३२ मिलिमीटर व्यासाची गोल चकती. अंगभर जाड चिलखत आणि दोन्ही हातांत छातीसमोर आडवी धरलेली प्लाझ्मा बंदूक. बंदुकीच्या वरच्या अंगाला रेडिएटरसारख्या पट्ट्यापट्ट्यांचा भाग आहे, त्याला आपण कॉइल म्हणू. चमकायचं ते तिथून. आपला सैनिक 'डार्क एंजल्स' या तुकडीचा, म्हणजे चिलखत गडद हिरवं.

या बंदुकीची एक खोड आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे ती जास्त ताकदीवर चालवता येत होती. नेम लागला तर शत्रूचं मोठं नुकसान. पण फाशावर १ पडला तर बंदूक चालवणारा स्वतःच खलास. म्हणजे त्या कॉइलची चमक ही नुसती सजावट नाही. आतमध्ये जे काही कोंडलेलं आहे ते बाहेर यायला बघतंय, आणि हा माणूस ते छातीशी धरून उभा आहे, हे त्या चमकेने सांगायचं असतं. ती चमक खोटी वाटली तर सैनिकाच्या हातात निळा पट्टा रंगवलेलं खेळणं आहे, एवढंच दिसतं.

मिनिएचर रंगवणारे या तंत्राला 'ऑब्जेक्ट सोर्स लायटिंग' म्हणतात, थोडक्यात ओएसएल. अर्थ सरळ आहे : मूर्तीवरचीच एखादी वस्तू उजेडाचा उगम आहे असं धरून त्या उजेडाचा आजूबाजूवर होणारा परिणाम रंगवणं.

रंगाला छत असतं

आता मुख्य अडचण. रंग स्वतः प्रकाश देत नाही. खोलीतल्या ट्यूबचा जेवढा प्रकाश त्याच्यावर पडतो त्यातला काही भाग तो परत पाठवतो, एवढंच. चांगला पांढरा रंग साधारण ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. मॅट काळा साधारण ४ ते ५ टक्के. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा रंग यांच्यात फरक किती, तर जेमतेम वीस पट.

खऱ्या जगात मात्र पेटलेली ट्यूब आणि तिच्या शेजारची भिंत यांच्यातच शेकडो पटींचा फरक असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत सांगायचं तर आपल्या रंगपेटीची डायनॅमिक रेंज फार लहान आहे. वर छत आहे, त्याच्यापलीकडे जाता येत नाही. पांढऱ्यापेक्षा पांढरं काही नसतं.

छत वर नेता येत नसेल तर एकच मार्ग उरतो, जमीन खाली न्यायची. कॉइल आणखी उजळ होणार नाही, पण तिच्या भोवतीचं सगळं आणखी काळोखं होऊ शकतं. तेवढं केलं की तोच पांढरा ठिपका, जो उजळ चिलखतावर कोणाच्या लक्षातही आला नसता, तो पेटलेला वाटायला लागतो. दिवसा चालू राहिलेला रस्त्यावरचा दिवा आपल्याला दिसतसुद्धा नाही, हे आठवून बघा.

इथेच खरी परीक्षा आहे, आणि ती हाताची नसून मनाची आहे. चिलखताच्या प्रत्येक कडेवर बारीक उजळ रेघ ओढणं, सावल्या भरणं, यात एका सैनिकामागे सहज तीन-चार संध्याकाळी जातात. त्यानंतर कोणी सांगितलं की यातलं अर्धं काम काळोखात बुडवा, तर हात उचलत नाही. म्हणून बरेच जण मधला मार्ग काढतात. पूर्ण उजळ रंगवलेला सैनिक तसाच ठेवतात आणि वरून कॉइलभोवती थोडा निळा रंग फिरवतात. तो उजेड वाटत नाही. निळा रंग सांडल्यासारखा वाटतो. ओएसएल शेवटी लावायचा दागिना नाही. सैनिक दिवसाच्या उन्हात उभा आहे की रात्री, हे पहिला रंग लावण्याआधी ठरवायचं असतं.

पाच नियम

१. उगम सगळ्यात उजळ. ज्याच्यावर उजेड पडतो ती जागा उजेड देणाऱ्या जागेपेक्षा उजळ असू शकत नाही. छातीवरचा निळा कॉइलपेक्षा फिकट झाला की डोळा गोंधळतो आणि सगळा आभास मोडतो.

२. उजेड सरळ रेषेत जातो. कॉइलपासून एखाद्या जागेपर्यंत टूथपिक धरून बघा. मध्ये हात, पट्टा, खांद्याची कड काहीही आडवं आलं तर त्या जागेला उजेड मिळणार नाही. आपल्या हेलब्लास्टरवर कोणत्या जागांना उजेड मिळतो? छातीचा मधला भाग, हनुवटी आणि शिरस्त्राणाची खालची बाजू, दोन्ही हातांच्या आतल्या बाजू, खांद्यावरच्या मोठ्या वाट्यांच्या आतल्या कडा. पाठ, वाट्यांचा बाहेरचा भाग आणि पोटऱ्या यांना काहीच मिळत नाही. बंदूक आडवी असल्यामुळे तिच्या खालचं पोटसुद्धा बंदुकीच्याच सावलीत जातं.

गॅदरिंगच्या वेळी हनुवटीखाली टॉर्च धरून भुताचं सोंग आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. चेहरा भेसूर का दिसतो? कारण रोज वरून येणारा उजेड त्या वेळी खालून येतो आणि सावल्या उलट्या पडतात. हेलब्लास्टरच्या शिरस्त्राणावर आपल्याला नेमका हाच परिणाम हवा आहे.

३. कोन. लॅम्बर्टचा कोसाइन नियम आठवा. पृष्ठभाग उजेडाकडे थेट तोंड करून असेल तर पूर्ण उजेड, तिरका असेल तर त्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी. ६० अंशाला निम्मा. ९० अंशाला शून्य. चिलखताच्या गोल भागावर एका बाजूने दुसरीकडे उजेड कसा विरत जाईल ते याच नियमाने ठरतं.

४. अंतर. बिंदूएवढ्या उगमापासून प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. ५ मिलिमीटरवर जेवढा प्रकाश, त्याच्या १० मिलिमीटरवर एक चतुर्थांश, १५ वर एक नवमांश, २० वर एक षोडशांश. आता हे सरळ रंगात मिसळायचं म्हटलं तर चूक होईल, कारण आपला डोळा सरळ पट्टीने मोजत नाही. पांढऱ्याला १०० गुण दिले तर एक चतुर्थांश प्रकाश डोळ्याला २५ वाटत नाही, साधारण ५७ वाटतो. एक नवमांश ४० च्या आसपास, आणि एक षोडशांश ३० च्या आसपास. फोटोग्राफर वापरतात ते राखाडी कार्ड फक्त १८ टक्के प्रकाश परत पाठवतं, तरी ते डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधलं वाटतं, ते यामुळेच.

याचा ब्रशने अर्थ काय? उगमाजवळ उजेड झपकन उतरतो, नंतर अंधूक होत बराच लांबपर्यंत रेंगाळतो. आणखी एक बारकावा आहे. आपली कॉइल बिंदू नाही, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची पट्टी आहे. लांबट उगमाच्या अगदी जवळ प्रकाश वर्गाप्रमाणे नाही, तर साध्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वर्गाचा नियम लांब गेल्यावर लागू पडतो. म्हणून छातीवरचा डाग गोल न ठेवता कॉइलच्या दिशेने लांबट ठेवायचा. एवढ्या एका गोष्टीने टॉर्चचा झोत आणि कॉइलचा उजेड यांतला फरक दिसायला लागतो.

५. ज्याच्यावर उजेड पडतो त्याचा रंग. लाल रंग लाल का दिसतो? तो निळा आणि हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेतो म्हणून. मग लाल चिलखतावर निळा उजेड पडला तर परत काय येणार? फारसं काही नाही, ते काळपट दिसेल. पांढऱ्यावर आणि राखाडीवर उजेडाचा रंग सगळ्यात स्वच्छ उमटतो. गडद हिरव्यावर निळा उजेड निळसर-हिरवा दिसेल, मोरपिशी म्हणा ना. आणि निळ्या चिलखतावर निळी चमक मिसळून जाते, उठून दिसत नाही. अल्ट्रामरीन्स ही तुकडी निळी असते, तिच्या सैनिकाला नारिंगी किंवा हिरवी चमक द्यावी. डार्क एंजल्स निवडले ते यासाठीच.

दोन चित्रकारांकडे जाऊन येऊ

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाने शोधलेलं नाही. नॉटिंगहॅमपासून अगदी जवळ डर्बी नावाचं शहर आहे. तिथला जोसेफ राइट हा अठराव्या शतकातला चित्रकार दिव्याच्या उजेडातल्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या १७६६ च्या सुमाराच्या एका चित्रात एक तत्त्वज्ञ ग्रहमालेचं यंत्र दाखवत व्याख्यान देतोय. यंत्रात सूर्याच्या जागी दिवा ठेवलेला आहे. पण तो दिवा आपल्याला दिसतच नाही, कारण आपल्याकडे पाठ करून उभी असलेली एक काळी आकृती त्याच्या बरोबर पुढे आहे. दिवा आहे हे आपल्याला कळतं ते भोवती जमलेल्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या उजळलेल्या चेहऱ्यांवरून. हे चित्र आज डर्बीच्याच संग्रहालयात आहे. त्याच राइटने १७७२ साली लोहाराच्या भट्टीचं चित्र काढलं. त्यात तापून पांढरी झालेली लोखंडाची कांब हाच सगळ्या खोलीचा दिवा आहे. मेकॅनिकलवाल्यांनी ते जरूर पाहावं.

दुसरं नाव आपल्याच माणसाचं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बऱ्याच जणांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, पण ते हळदणकरांचं आहे, आणि चक्क जलरंगातलं आहे. हातात दिवा घेतलेली एक स्त्री, ज्योतीपुढे दुसऱ्या हाताचा आडोसा. चेहरा उजळलेला, बोटं ज्योतीच्या उजेडाने लालसर, आणि मागे सगळा काळोख. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी उभी राहिली होती. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ असं त्यांच्याकडेही काही नव्हतं. छत तेच होतं.

दोघांच्याही चित्रात मोजून बघा, उजळ जागा किती थोडी आहे आणि काळोख किती. आपल्या सैनिकावरही तेच प्रमाण ठेवायचं.

तयारी

महागडं सामान नसेल तरी अडत नाही. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग हवेत. मिनिएचरसाठीचे खास रंग बारीक दळलेले असतात, त्यामुळे पातळ थर चांगला बसतो. पण सरावाला स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिकही चालतात. पोस्टर कलर मात्र नको. वाळल्यानंतरही तो पाण्याने पुन्हा विरघळतो, आणि आपल्याला तर थरावर थर द्यायचे आहेत.

रंग सहा : काळा, गडद हिरवा, गडद निळा, मधला निळा, आकाशी, पांढरा. टोक नीट जुळणारे ० आणि १ नंबरचे ब्रश. एक जुना, मऊ, निकामी ब्रश. जेवणाच्या डब्याचं झाकण, त्यात ओला टिश्यू पेपर आणि वर बटर पेपर, ही झाली वेट पॅलेट. यावर रंग तासन्‌तास ओला राहतो. एअरब्रश असेल तर धुक्यासारखा उजेड पटकन येतो, पण तो आडोशाचा विचार करत नाही, त्यामुळे शिकताना ब्रशच बरा.

काळा स्प्रे प्राइमर खोलीत मारू नका, गच्चीवर मारा. आणि भर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत तो पांढुरका, खरखरीत बसतो.

आता प्रयोग. मोबाइलच्या टॉर्चवर काळा कागद लावून त्यात एक सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद चीर पाडा. चिरेवर निळा जिलेटिन पेपर चिकटवा. खोलीतला दिवा बंद करा, प्राइमर मारलेला सैनिक टेबलावर ठेवा आणि ती चीर त्याच्या कॉइलच्या जागी धरा. रूममेटला त्याच्या मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढायला सांगा. काळ्या प्राइमरवर नीट दिसत नसेल तर आधी जुन्या ब्रशने हलका राखाडी हात फिरवा. या फोटोंत वरचे नियम आपोआप पाळलेले असतात. पुढचं सगळं काम फोटो समोर ठेवून करायचं.

कृती

पहिली पायरी, रात्र. काळ्या प्राइमरवर गडद हिरवा असा लावा की खाचांमध्ये काळा राहील. कडांवरच्या उजळ रेघा ओढा, पण नेहमीपेक्षा दोन छटा खाली थांबा. मग काळ्यात थोडा गडद निळा मिसळून, भरपूर पातळ करून, संपूर्ण सैनिकावर एक-दोन हात द्या. या क्षणी सैनिक निराशाजनक दिसतो. दिसू द्या.

दुसरी पायरी, पांढरी वाट. निकाम्या ब्रशवर अगदी थोडा फिकट राखाडी घ्या, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कॉइलच्या दिशेकडूनच हलके हात मारा. फोटोत जिथे उजेड आहे तिथेच. जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे पांढरा. हे का? कारण पुढचे निळे थर पारदर्शक आहेत. प्रकाश त्यांच्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, म्हणून निळा आतून उजळल्यासारखा वाटतो. तोच थर काळ्यावर दिला तर प्रकाश आतच जिरतो आणि काही दिसत नाही.

तिसरी पायरी, ग्लेझ. एक भाग रंगाला चार ते सहा भाग पाणी आणि मीडियम. नुसतं पाणी फार झालं तर ॲक्रिलिकची पकड सुटते, म्हणून मीडियम मिळालं तर उत्तम. तपासायची पद्धत : वर्तमानपत्रावर एक हात ओढा, खालची अक्षरं आरामात वाचता आली पाहिजेत. ब्रश भरल्यावर टिश्यूला टेकवून जास्तीचं पाणी काढा, नाहीतर डबकं साचतं आणि वाळल्यावर कडेला वर्तुळ उमटतं. सुरुवातीच्या थरांत गडद हिरवा आणि मधला निळा मिसळून मोरपिशी करा, तो लांबपर्यंत न्या. पुढच्या थरांत निळा वाढवत जा आणि जागा आखडत जा. एकूण पाच-सहा थर. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

ब्रश कुठल्या दिशेने ओढायचा? उजेडाकडे. हात जिथे संपतो तिथे रंगाचे कण जास्त साठतात. कॉइलपासून बाहेर ओढलं तर रंग उलट, लांबच्या टोकाला साठेल.

चौथी पायरी, जवळच्या कडा. कॉइलच्या अगदी शेजारच्या आणि तिच्याकडे तोंड करून असलेल्या कडांवर आकाशी रंगाची बारीक रेघ : हनुवटीची खालची कड, छातीवरच्या चिन्हाच्या वरच्या कडा, बोटांची आतली बाजू. चार-पाच जागा पुरेत. सगळीकडे रेघा ओढल्या तर पुन्हा दिवस उजाडतो.

पाचवी पायरी, कॉइल. इथे नेहमीची सवय उलटी करायची. एरवी आपण खाच गडद आणि उंचवटा उजळ करतो, कारण उजेड बाहेरून येतो. इथे तो आतून येतोय. म्हणून खाच पांढरी, तिच्या भोवती आकाशी, उंच पट्ट्यांच्या बाजू मधल्या निळ्या आणि पट्ट्यांचा वरचा माथा गडद निळा. आधी संपूर्ण कॉइल पांढरी करा, वर पातळ आकाशी आणि निळा चढवा, शेवटी खाचेत शुद्ध पांढऱ्याची एक रेघ. संपूर्ण सैनिकावर शुद्ध पांढरा फक्त इथेच वापरायचा. एखादा पांढरा शिक्का किंवा कवटीचं चिन्ह असेल तर तेही राखाडीवर उतरवा.

सहावी पायरी, तपासणी. मोबाइलने फोटो काढून कृष्णधवल करा. सगळ्यात पांढरी जागा कॉइलच दिसली पाहिजे. मग हातभर लांब धरून डोळे किलकिले करून बघा. तरीही नजर आधी कॉइलवर गेली तर काम झालं. नसेल गेली तर कॉइलला हात लावू नका, बाकीचं आणखी एक छटा काळोखं करा.

सातवी पायरी, मॅट वॉर्निश. चकचकीत वॉर्निशवर खोलीतली ट्यूब प्रतिबिंबित होते, आणि खऱ्या ट्यूबपुढे आपला रंगवलेला उजेड हरतो. सगळा सैनिक मॅटच ठेवा.

नेहमी दिसणाऱ्या गडबडी आणि उपाय

कॉइलभोवती सारख्या जाडीचा निळा ढग दिसतो : कोन आणि आडोसा विसरला गेला. टूथपिक धरून बघा आणि सावलीतल्या जागा मूळ गडद रंगाने परत मिळवा.

उजेड खडूसारखा पांढुरका दिसतो : रंगात पांढरा जास्त मिसळला गेला. वरून स्वच्छ निळ्याचा एक पारदर्शक थर द्या.

चमक जवळून छान, लांबून गायब : काळोख कमी पडला. याला दुसरं औषध नाही.

एकाच सैनिकावर बंदूक, डोळे, तलवार, छाती सगळंच चमकतंय : चार जण एकाच वेळी बोलायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. मुख्य उगम एक ठेवा. डोळ्यांच्या भिंगांना छोटा ठिपका द्या, पण त्यांचा उजेड बाहेर पाडू नका.

बाकीचे उजेड

याच खेळात नेक्रॉन नावाचे धातूचे यंत्रसैनिक आहेत, त्यांची ओळखच हिरवी चमक. राखाडी धातूवर ती फार सुंदर उमटते, त्यामुळे पहिला प्रयोग त्यांच्यावर करायला हरकत नाही.

तापलेल्या लोखंडाचा किंवा लाव्हाचा उजेड रंगवताना रंगांचा क्रम तापमानावरून ठरतो. साधारण ५२५ अंश सेल्सिअसला पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतो, मग तापमान वाढत जाईल तसा नारिंगी, पिवळा, पांढरा. म्हणून मध्य पांढरा-पिवळा आणि कडा लाल. चित्रात ज्वाळा काढताना अनेकदा मध्य लाल आणि कडा पिवळ्या केलेल्या दिसतात. तापलेल्या धातूला ते चालत नाही.

फ्लुओरेसंट रंगांबद्दल नेहमी विचारलं जातं. ते अतिनील आणि निळा प्रकाश शोषून आपल्या रंगात परत देतात, म्हणून छताच्या थोडे वर गेल्यासारखे वाटतात. शेवटच्या थराला चिमूटभर वापरायला चांगले. पण उन्हात ते लवकर फिके पडतात, आणि काळोखाची जागा तेही घेऊ शकत नाहीत.

स्वाध्याय

१. आज रात्री मेसमधून परत येताना बाइकचा हेडलाइट, पानाच्या टपरीवरचा बल्ब आणि मोबाइलच्या स्क्रीनने उजळलेला एखादा चेहरा नीट बघा. प्रत्येक ठिकाणी उजेड कुठे पडला नाही, ते आधी शोधा.

२. हातात मशाल असलेला दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा घ्या. मशालीचा उजेड त्याच्या पगडीवर, मिशीवर आणि ढालीवर कुठे पडेल ते पेन्सिलने खूण करा. ढालीमागे काय होईल?

३. लाल चिलखताच्या सैनिकाला निळी चमक द्यायची आहे. पाचव्या नियमाप्रमाणे चिलखत काळपट पडायला हवं, पण पुष्कळ चांगले रंगकर्मी तिथे जांभळा वापरतात. फिजिक्सप्रमाणे चूक, तरी डोळ्याला पटतं. का असेल? (सूचना : आपण उजेड मोजत नसून कोणाला तरी दाखवत आहोत.)

४. एक जुना, पूर्ण उजळ रंगवलेला सैनिक घ्या. कॉइलला अजिबात हात न लावता फक्त बाकीचं सगळं तीन वेळा पातळ काळ्या-निळ्याने काळोखं करा. प्रत्येक थरानंतर एक फोटो काढा. सगळे फोटो शेजारी ठेवून बघा, न रंगवलेली कॉइल किती उजळली ते. त्यानंतर हा लेख पुन्हा वाचायची गरज पडणार नाही.